विहिणीच्या पानातली म्हैस

चंद्राबाईला सांगलीत डुक्कर वाढलं, हे रहिमतपूरच्या बाजूच्या सगळ्या गावांना ठाऊक आहे. ते डुक्कर नव्हतं, हत्ती होता, हे फार थोड्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांना ठाऊक होतं ते चंद्राबाईसमोर तसं बोलून दाखवत नसत.

झालं होतं ते असं. लढाई संपून चंद्राबाईचा सयाजी इटलीतनं धडधाकट परत आला आणि वर्षाच्या आत त्याला सांगलीच्या नानासोंची लीला सांगून आली. नानासोंचा हळदीचा व्यापार, आणि माणूस मोठा हौशी. सुपारी फोडायला पाहुणे येणार म्हणून त्यानं कुठनंशी जनावरांच्या आकाराची पत्र्याची भांडी पैदा केली. त्यांत आटवलेलं दूध ओतून ती मिरजेच्या बर्फात आणि खडेमिठात पुरून ठेवली. जेवणाच्या शेवटी प्रत्येकाच्या ताटात एकेक गारेगार जनावर येऊन बसलं. कुणाला ससा, कुणाला पोपट, कुणाला मासा. हत्तीचं भांडं मात्र एकच. तो हत्ती वरमाईला द्यायचा, हे नानासोंच्या बायकोनं, हरणाबाईनं, आदल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं.

पण पुरुषांची पंगत आधी. पुरुष जेवले, पानं चघळली, जर्मन कसा पळाला ते सयाजीकडनं पुन्हापुन्हा वदवून घेतलं, आणि त्या जर्मनाच्या पळापळीत इकडं पुरुषांना दाखवायला काढलेला हत्ती भांड्याबाहेर उन्हाची झळ खात बसला. बायकांची पानं मांडली तोवर त्याची सोंड गळाली होती, सुळे गळाले होते, कान आखडले होते आणि पाय निम्मे उरले होते. असा हत्ती कशासारखा दिसतो, ते ज्यानं त्यानं मनाशी बघून घ्यावं. चंद्राबाईनं ताटात बघितलं. शेजारणीच्या ताटातला ससा अगदी सशासारखा होता. पलीकडचा पोपट चोचीसकट पोपट होता. तिनं ताटाला नमस्कार केला आणि ती उठली.

परतीच्या गाडीत तिचे मालक, लालासाहेब, तिला परोपरीनं सांगत होते की तो हत्तीच होता, सोंडेसकट आपण या डोळ्यांनी बघितला होता. चंद्राबाई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुमी बघितला तवा हत्ती हुता. माझ्या म्होरं आला तवा डुक्कर हुतं. मला काय वाढलं ते मी सांगनार का तुमी?"

यावर लालासाहेबांनी फेटा डोळ्यांवर ओढला, तो रहिमतपूरलाच वर केला. 

गावात ही बातमी गाडीच्या आधी पोचली, कशी ते कुणी विचारू नये. वेशीवर ती सोंड नसलेल्या हत्तीची होती. चावडीपाशी डुकराची झाली. पाणवठ्यावर डुकरीण आणि तिची पिल्लं झाली. कोरेगावच्या बाजारातनं ती उंब्रजला गेली तेव्हा सांगलीकरांनी पंगतीत जिवंत डुक्कर सोडलं होतं, ते वरमाईचं पान उष्टं करून वरमाईच्याच मांडीवर बसलं होतं, आणि वरमाईनं मान राखून त्याला हाकललं नव्हतं. गाव खवळलं. अख्ख्या गावाच्या तोंडाला डुक्कर लागल्यागत जो तो थुंकत फिरायला लागला.

चंद्राबाईनं मात्र थुंकण्यावर भागवलं नाही. पाडवा झाला की सांगलीकर घर बघायला येणार होते. तिनं मुलाला समोर बसवलं आणि सांगितलं, की सांगलीच्या बाईच्या पानात तिच्या मापाचं जनावर पडल्याशिवाय तिची लेक या उंबऱ्यातनं आत येणार नाही. सुपारी परत जाईल. सयाजीनं लीलाला एकदाच बघितलं होतं, तेही चहाची बशी देताना, पण तेवढ्यावर त्याची झोप उडाली होती. त्यानं आईला विचारलं, जनावर कंचं.

"म्हैस," चंद्राबाई म्हणाली. "तुझ्या सासूची चाल बघितलीस न्हवं?"

सयाजीनं पलटणीत साहेबांच्या मेसमध्ये बर्फाचा संचा फिरवला होता. दूध कसं गोठतं ते त्याला ठाऊक होतं. सांगलीतल्यासारखी तळहाताएवढी म्हैस तो सहज करून देत होता. पण चंद्राबाईला तळहाताएवढी नको होती. पंगतीच्या शेवटच्या पानावरनं दिसली पाहिजे, पोरं खांद्यावर घेऊन बापांनी दाखवली पाहिजे, एवढी म्हैस पाहिजे होती. थोडक्यात, रेडकाएवढी.

मग गुंडा कुंभाराला बोलावणं गेलं. गुंडा दर बेंदराच्या सणाला गावाला मातीचे बैल करून द्यायचा. म्हैस आपण जन्मात केली नाही, बेंदूर बैलाचा असतो, असं त्यानं सांगून बघितलं. चंद्राबाईनं त्याला गोठ्यात नेलं आणि आपली चांदी दाखवली. चांदी म्हणजे कपाळावर पांढरा टिक्का असलेली, शिंगं खांद्यापर्यंत गेलेली, गावात जिच्या धारेला तोड नाही अशी म्हैस. हिच्यावरनं कर, म्हणाली. गुंडानं चांदीला सगळीकडनं न्याहाळलं आणि मातीचा दोन फाळक्यांचा साचा केला. सयाजी म्हणाला, उभी करू नगा, दुधाचे पाय साच्यातनं निघायचे न्हाईत, निघाले तरी अंगाच्या भारानं मोडतील. म्हणून म्हैस बसलेली केली. मीठपाणी आत झिरपू नये म्हणून साच्याला बाहेरनं मेण थापलं. दूध मातीला चिकटू नये म्हणून आतनं केळीची पानं लावली. पाठीच्या कण्याच्या जागी एक सरळसोट ऊस.

साखर तेव्हा रेशनवर. घरात होती ती दोन मुठी. चंद्राबाईनं गूळ घातला. उकळत्या दुधात घालून दूध नासवायला ती काही सांगलीची नव्हती. आधी दूध आटवलं, हंडे विहिरीत सोडून गार केलं, मग गूळ. रंग असा उतरला की अस्सल म्हैस. दूध सगळ्या आळीनं दिलं. एरवी ताक द्यायलाही हात आखडणाऱ्या बायासुद्धा चरव्या भरून घेऊन आल्या, कारण डुक्कर सगळ्यांना लागलं होतं.

गुऱ्हाळ आटोपलं होतं, म्हणून गूळ शिजवायची काहील अंगणात आणून मांडली. जिच्या बुडाला जन्मभर आग तिच्या पोटात आता बर्फ. मिरजेच्या लाद्या पोत्यांत आणि उसाच्या चिपाडांत गुंडाळून रहिमतपूरला उतरल्या. तिथनं बैलगाडीनं आणल्या, बैल पळवत. गाडीतनं पाणी ठिबकत होतं. त्या ओळीवर दुसऱ्या दिवशी गवत उगवलं आणि शेरडं सरळ रेषेत चरत ठेसनापर्यंत गेली. काहिलीत दूध भरलेला साचा ठेवून भोवती बर्फ आणि मीठ घातल्यावर काय गारवा सुटला म्हणता! अंगणातलं कुत्रं कुडकुडत उठून उन्हात जाऊन बसलं. शेजारच्या हरिबा म्हाताऱ्यानं चैताच्या भर दुपारी घोंगडं मागितलं. काहिलीच्या कडेला जी कोंबडी बसली होती तिचं अंडं गार निघालं, आणि तिनं परत त्या अंगणात पाऊल टाकलं नाही.

सांगलीकर आले. घर बघितलं, विहीर बघितली, उसाचा फड बघितला. नानासो हौसेनं विचारत होते, अंगणात काहिलीवर चिपाडांचा ढीग कसला. लालासाहेब म्हणाले, जळण. सयाजी त्या जळणाच्या शेजारी फाशी द्यायला आणलेल्या माणसासारखा उभा होता. मग चंद्राबाईनं जाहीर केलं की आज बायकांची पंगत आधी. पुरुषांत कुजबूज झाली. गावच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. पण आपली म्हैस पुरुषांच्या गप्पांत वितळू द्यायला चंद्राबाई तयार नव्हती, आणि तिच्या तोंडाकडं बघून पुरुष ओसरीवर जाऊन बसले.

बायकांची जेवणं होत आली. चार गड्यांनी दाराच्या फळीवर ती म्हैस आणली आणि हरणाबाईच्या पानापुढं ठेवली. पानात मावणं शक्यच नव्हतं. वरचं फडकं चंद्राबाईनं स्वतः ओढलं.

म्हैस बसली होती. अंगावरनं वाफ निघत होती. मान जराशी वळलेली, शिंगं खांद्यापर्यंत, कपाळावर साईचा पांढरा टिक्का. अशी हुबेहूब, की गोठ्यातनं चांदी हंबरली. सगळी पंगत हरणाबाईकडं बघायला लागली. कुडावरनं निम्मं गाव बघत होतं. चंद्राबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. महिनाभर तिनं हा घास राखून ठेवला होता.

हरणाबाई पानावरनं उठली. तिचं माहेर मिरजेच्या पल्याड, पार शिवेला. बापाची उभी हयात म्हशींच्या बाजारात गेलेली. ती फळीभोवती हळूहळू फिरली. वाकून मागनं बघितलं. मग म्हणाली, "बसून का हाय ही?"

चंद्राबाईला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. ती म्हणाली, म्हशी बसतात, सांगलीत बसत नसतील तर माहीत नाही.

"बसत्यात की. पर दाखवायची म्हैस कोन बसवून दाखवत न्हाई," हरणाबाई म्हणाली. "बसलेली म्हैस कुनी दाखवली की माझा बाप आदी तिचा पाय बघायचा आन् मग कास. दोनींत एक काईतरी खोट असायचीच. आन् फासळ्या बघा कशा दिसत्यात. पेंड घालत न्हाई वाटतं."

त्या फासळ्या नव्हत्या. केळीच्या पानांच्या शिरा उमटल्या होत्या. पण पंगतीतल्या सांगलीच्या बायका माना हलवायला लागल्या, आणि चंद्राबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. डुक्कर राहिलं बाजूला. गावात सगळ्यांत जास्त पेंड ज्या दावणीला पडते, त्या दावणीला ही हळद विकणारी बाई नाव ठेवत होती.

"माझ्या चांदीला पेंड मिळत न्हाई म्हन्ता?"

"चांदी कोन?"

"जिच्यावरनं ही केली ती."

"मग ती दावा की," हरणाबाई म्हणाली आणि हात धुवायला निघालीसुद्धा.

दोघी गोठ्यात गेल्या. मागनं यायला निघालेल्या बायांना चंद्राबाईनं दारातच थोपवलं. परक्या माणसाला लाथ घालणारी चांदी हरणाबाईचा हात पाठीवर पडताच शहाण्या सुनेगत उभी राहिली. हरणाबाईनं खूर बघितले, कास चाचपली, कातडी चिमटीत धरून सोडली, शिंगांवरनं हात फिरवला. मग मोठा सुस्कारा टाकला.

"ही म्हैस," ती म्हणाली. "आमच्या सांगलीत अशी न्हाई."

चंद्राबाईचा ऊर भरून आला. क्षणभरच. लगेच तिच्या ध्यानात आलं की ही बाई आपल्याला खूश करून निघाली, आणि त्या खूश होण्याचाच तिला एवढा संताप आला की राखून ठेवलेलं सगळं तोंडातनं बाहेर पडलं.

"विहीणबाई, ती तुमच्या पानातली म्हैस चांदी न्हवं. ती तुमी. तुमच्यासाठनं करून घेतलीया. तुमी मला डुक्कर वाढलं, मी तुमाला म्हैस."

हरणाबाईचा हात चांदीच्या पाठीवर तसाच राहिला.  अंगणात पुरुषांचा गलका ऐकू येत होता.

"हत्ती हुता त्यो," ती अखेर म्हणाली.

"आसंल. माझ्याम्होरं डुक्कर आलं."

"व्हय," हरणाबाई म्हणाली. "तुमच्याम्होरं आलं तवा डुक्करच झालं हुतं. मी बघितलं, आन् तरी वाढलं. शाबूत ससे-पोपट बाकीच्या पानांत पडून गेले हुते, दुसरं कायबी उरलं न्हवतं. त्या दिवसापास्नं माझ्या घशाखाली घास उतरत न्हाई."

 अख्ख्या मुलखात, नवऱ्यासकट, एवढं एक वाक्य चंद्राबाईला कुणी म्हटलं नव्हतं. नवरा हत्तीच सांगत होता, आणि गाव जिवंत डुक्कर.

"पर मला करायचीच हुती," हरणाबाई म्हणाली आणि आता तिचा आवाज चढला, "तर उभी तरी करायची. चारचौघांत लंगडीगत बसवून ठेवलीसा. वर फासळ्या. माझ्या बापानं बघितली असती तर काय म्हनला असता?"

 चंद्राबाईचा राग तर डोक्यापर्यंत आला होता, पण तो आता सांगलीकडं जाईना. बाईचं म्हणणं खरं होतं. एवढ्या मोठ्या घरच्या विहिणीला कुणी फासळ्या काढून बसवतं का?

ती तरातरा गोठ्यातनं बाहेर आली. अंगणात म्हैस उरली नव्हती. बायका उठल्याबरोबर वितळायच्या भीतीनं पुरुष तिच्यावर तुटून पडले होते. नानासोंच्या वाट्याला पुठ्ठा आला होता, लालासाहेब मिशीला दूध लावून मान संपवत होते, आणि फळीवर एक ऊस तेवढा उरला होता. सयाजी भिंतीला टेकून हातात शिंगाचा तुकडा घेऊन उभा होता. आई गोठ्यातनं काय ठरवून येते, ते कळेपर्यंत तो त्याच्यानं तोंडात घालवत नव्हता.

चंद्राबाई कुणाशी बोलली नाही. सरळ गुंडा कुंभारासमोर जाऊन उभी राहिली.

"बसलेली म्हैस करतोस व्हय रं? लाज न्हाई वाटत? माझ्या विहिनीला लंगडी केलीस तू समद्या गावाम्होरं. ऊठ. माती मळायला लाग. लग्नाला उभी पायजे मला, चारी पायांवर."

गुंडा सयाजीकडं बोट दाखवून सांगत होता की ही अक्कल त्याची, आपली नव्हे. सयाजीनं ते ऐकलंच नाही. त्यानं फक्त 'लग्नाला' एवढंच ऐकलं, आणि शिंग तोंडात घातलं.