मुक्ताबाईच्या शेळीची तारीख

ॲप बजरंगनं बनवलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण युसूफ वडगावच्या शिवारात आता ते कुणी सांगत नाही. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाईक नसलं की फुकटचे व्हिडिओ बघून तो शिकला आणि वस्तीवरच्या शेळ्यांसाठी त्यानं 'कळप' नावाचं ॲप तयार केलं. शेळीचा फोटो टाकायचा, तिला बोकडाला दाखवलं ती तारीख टाकायची, की ती कधी विणार ते ॲप सांगणार. लोक त्याला 'इंजिनियर' म्हणायला लागले. तो तोंडानं नको नको म्हणायचा आणि हाक नीट ऐकू यावी म्हणून सावकाश चालायचा.

मग त्याचं लग्न झालं. बायको बबिता केजच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली. बजरंगनंच मोठ्या हौसेनं तिला ॲप दाखवलं. तिनं सगळं बघितलं, छान आहे म्हणाली आणि विचारलं, "पण ही माहिती एकाच फोनात ऱ्हाते का? फोन हरवला मंग?"

बजरंगनं याचा विचारच केला नव्हता. बबितानं थोड्याच दिवसांत सगळी माहिती सर्व्हरवर नेली. आता कुणाच्याही फोनवर सगळ्या वस्तीच्या शेळ्या दिसायच्या. संध्याकाळी बायका ओट्यावर येऊन बसायच्या आणि बबिता त्यांच्या तारखा भरून द्यायची, कारण इंग्रजी बटणं त्यांना उमगत नसत. 'बजरंगचं ॲप' म्हणता म्हणता ते 'बबिताचं ॲप' कधी झालं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. बजरंगच्या मात्र आलं. बायका दारात येऊन "बबिता हाय का घरात?" असं विचारायच्या, तेव्हा समोर बसलेल्या बजरंगच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्याला बायकोचा हेवा वाटत होता. त्याला दुसरा शब्द नाही.

बायकांना तिच्याकडे जायची गरजच उरता कामा नये, असं त्यानं मनाशी ठरवलं. ॲपमधली बटणं त्यानं गुपचूप मराठीत केली. म्हातारी मुक्ताबाई दुकानात रिचार्ज करायला आली, तेव्हा तिच्या फोनची भाषाही मराठी करून दिली.

"आता सगळं मराठीत हाय, काकू. बबिताच्या दारात जायचं काम न्हाई."

मुक्ताबाई हरखली. घरी जाऊन तिनं आपल्या शेळ्यांच्या तारखा स्वतःच्या बोटानं भरल्या. बजरंगला त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी वस्तीवरच्या सगळ्या फोनवर ॲप कोरं झालं. शेळ्या नाहीत, फोटो नाहीत. नुसतं 'माहिती वाचता आली नाही' एवढंच. नेमकं त्याच दुपारी जनावरांचे डॉक्टर शेळ्यांना लस टोचायला वस्तीवर येणार होते. विण्याच्या जवळ आलेल्या शेळ्यांची धरपकड करायची नाही, त्या आधीच वेगळ्या बांधून ठेवा, असं त्यांनी बजावलं होतं. कोणती शेळी कितव्या महिन्यात, हे आता सगळ्यांनी ॲपवर सोडून दिलेलं. बायका फोन घेऊन अंगणात जमल्या.

खोटं कशाला सांगा, बजरंगला आधी आनंदच झाला.

"सर्व्हर तुझाच हाय ना?" तो बबिताला म्हणाला. अंगणापर्यंत ऐकू जाईल इतपत आवाज त्यानं चढवला होता. "मी केलतं तवा असं कधी झालं न्हाई."

 बबिता आपला लॅपटॉप घेऊन मुक्ताबाईजवळ जाऊन बसली आणि तिचा फोन चाळायला लागली. बजरंग त्याचा लॅपटॉप घेऊन आतल्या खोलीत गेला. बायकोची चूक शोधायची म्हटल्यावर त्याच्या अंगात भलताच उत्साह आला होता.

सर्व्हर सगळ्या शेळ्यांची माहिती जेसन नावाच्या ठरलेल्या साच्यात, एकाच लांबलचक मजकुरात पाठवायचा आणि ॲप तो मजकूर उकलून एकेक शेळी पडद्यावर मांडायचं. बजरंगनं कंस तपासले. स्वल्पविराम तपासले. कुठं नाव रिकामं राहिलंय का ते बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. शेवटी त्यानं ॲपची तक्रार नीट वाचली. मुक्ताबाईच्या शेळीची तारीख उकलत नाही, असं ॲपचं म्हणणं होतं. आणि एक जरी तारीख अडली तरी अख्खा कळप नाकारायचा, असं ॲपमध्ये लिहून ठेवलेलं होतं. ते कुणी लिहिलं होतं, हे आठवायला बजरंगला वेळ नव्हता.

त्यानं तारीख बघितली. २०२५-०४-११. वर्ष बरोबर, महिना बरोबर, दिवसही बरोबर. मग हे ॲप अडून कशाला बसलंय? सर्व्हरनंच काहीतरी घोळ घातला असणार, म्हणजे बबितानं, असं म्हणत त्यानं ती तारीख पुन्हा पुन्हा वाचली. लहानपणापासून दोन्ही आकडे वाचणाऱ्या डोळ्यांना त्यात खटकणार तरी काय?

मग त्याची नजर खालच्या शेळीवर गेली. ती त्याच्या स्वतःच्या घरची. 2025-04-09.

बजरंगनं कपाळाला हात लावला. खालचे आकडे इंग्रजी होते, वरचे मराठी. फोनची जी भाषा असेल तिच्यात तारीख लिहून ठेव, असं ॲपला सांगणारी ओळ त्याचीच होती, पहिल्या दिवसापासूनची. सगळ्यांचे फोन इंग्रजीत होते तोवर ते चालून गेलं. आणि मुक्ताबाईचा फोन मराठीत कुणी केला? त्यानंच. कशासाठी? ते त्यानं स्वतःशीसुद्धा उच्चारलं नाही.

पण माणूस गडबडला तरी हेवा थोडाच गडबडतो! त्यानं लगेच बेत केला. मुक्ताबाईच्या तारखा चुपचाप इंग्रजी करायच्या, बाहेर जायचं आणि 'सर्व्हर दुरुस्त केला' म्हणून सांगायचं. त्यानं बोट बटणावर ठेवलं आणि माहिती पुन्हा एकदा मागवली. त्यानं काही बदलायच्या आधीच मुक्ताबाईची तारीख इंग्रजीत झाली होती.

बाहेर अंगणात एकच गलका झाला. "आलं गं, आलं!" बायकांच्या फोनवर शेळ्या परतल्या होत्या. बबिताचा आवाज आला, "माझ्याकडून चूक झालती, काकू. आता कुणी मराठी आकडा टाकला तरी सर्व्हर समजून घेईल."

"असू दे गं पोरी. चुका कुणाच्या होत न्हाईत?" कुणीतरी तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली.

बबिता तिच्या लॅपटॉपचं चार्जर न्यायला आत आली, तशी बजरंगनं तिची वाट अडवली.

"तुझी चूक कावून म्हणलीस?"

"मंग काय तुमचं नाव सांगू?" ती हळूच म्हणाली. "काकूचा फोन तुमी मराठीत केलता, तिनंच सांगितलं मला. चारचौघांत तुमचं हसं व्हायला नको म्हणून म्हणलं."

तिनं ते मायेनं म्हटलं होतं आणि तेच त्याला जास्त झोंबलं. ॲप तिचं झालं, बायका तिच्या झाल्या, आणि आता त्यानं स्वतःच्या हातानं केलेली चूक, तीसुद्धा तिनं घेतली! आपलं म्हणावं असं त्या ॲपमध्ये त्याचं एवढंच काय ते उरलं होतं. तो तरातरा अंगणात गेला.

"चूक माझी हाय!" तो ओरडला. "बबिताची न्हाई. तारखेची ओळ माझी, फोन मी मराठीत केला. सगळं मी केलं!"

 मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला.

"बघा गं बायांनो. बायकोला कुणी बोलू नये म्हणून सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायलाय!"

"काकू, खरंच सांगतो, माझीच हाय!"

"असंच असावं बाबा नवऱ्यानं," दुसरी म्हणाली. "आमच्याकडं तर उलटंच हाय."

तो जितकं तळमळून सांगत गेला, तितकं बायकांना त्याचं कौतुक वाटत गेलं. कुणीतरी त्याला चहाही आणून दिला. मग ॲपवर बघून बायकांनी विण्याला आलेल्या शेळ्या बाजूला बांधून घेतल्या. तेवढ्यात डॉक्टरांची गाडी अंगणात येऊन थांबली. गाभण शेळ्या एका बाजूला बांधलेल्या बघून ते खूश झाले आणि हे ॲप कुणी बनवलं, असं त्यांनी विचारलं.

बजरंग पुढं झाला, पण मुक्ताबाई त्याच्याही आधी बोलली.

"आमच्या बबितानं, साहेब. आणि हा तिचा नवरा. लई गुणाचा हाय."