दोन सुखी शहरं

अंबरनाथ पूर्वेला आमच्या वाचनालयात दर रविवारी चार वाजता वाचनकट्टा भरतो. नियम एकच, आणि तो मीच केलेला: विषय अर्धवट टाकून कुणी उठायचं नाही. छत्तीस वर्षं शाळेत घंटा झाली की तोंडातलं वाक्य गिळत आलो, त्याचा हा सूड म्हणा.

त्या रविवारी प्रत्येकाने एक काल्पनिक सुखी शहर रचून आणायचं होतं. अट अशी, की ते सुख कुणाच्या तरी लपवलेल्या छळावर उभं हवं. मग शहरांची तुलना.

आमची ग्रंथपाल संजीवनी खुर्च्या मांडताना म्हणाली, "सर, आज मला सहाला निघायचंय. बदलापूरला भजनस्पर्धा आहे. आमच्या मंडळाचा नंबर सातला."

मंडळात पखवाज वाजवणारी ती एकटीच. ती पोचली नाही तर सोळा बायका नुसते टाळ घेऊन काय करणार? गणपतीपासून त्यांची तयारी चालली होती, हेही मला ठाऊक होतं.

"निघ की. त्यात विचारायचं काय?" मी म्हणालो. किल्ली तिच्याकडे असते आणि कुलूप तीच लावते, हे काही तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

पहिलं शहर अल्पेशचं. हा औषध कंपनीत सुपरवायझर आहे. त्याच्या शहरात कुणालाच वाईट स्वप्न पडत नाही, कारण सगळ्यांची वाईट स्वप्नं एका म्हातारीला पडतात. लोकांना याचा पत्ताच नाही.

दुसरं अनंताचं. तो उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सच्या कारखान्यात कटिंग मास्टर आहे. त्याच्या शहरात कुणी म्हातारं होत नाही. एक माणूस सगळ्यांचं वय अंगावर घेतो आणि वर्षभरात झिजून मरतो. मग नवा माणूस निवडतात, शाल-श्रीफळ देऊन त्याचा जाहीर सत्कार करतात.

"तुझे लोक जास्त क्रूर," अल्पेश म्हणाला. "माझ्या लोकांना बिचाऱ्यांना माहीतच नाही."

"माहीत नाही कसं? म्हातारी रोज रात्री ओरडत उठत असणार. शेजारी बहिरे आहेत काय? ऐकायचं नाही, म्हणून ऐकू येत नाही. सीधी बात आहे."

मला एकदम हुरूप आला. असं काही निघालं की माझं वय वीस वर्षांनी कमी होतं. मी विचारलं, "त्या म्हातारीला कुणी विचारलं होतं का?"

"शहर वसवणाऱ्यांनी विचारलं होतं. ती हो म्हणाली," अल्पेश म्हणाला.

"नाही म्हणाली असती तर चाललं असतं?"

तेवढ्यात संजीवनी दारात येऊन उभी राहिली. ती काही बोलणार, तोच मी म्हणालो, "बरी आलीस. चहा ठेव, आज डोकी तापलीत."

चहा झाला. मग सत्काराचा मुद्दा निघाला. शाल दिल्याने छळ कमी होतो, की देणाऱ्याला नुसतं बरं वाटतं? अनंताने कारखान्यातल्या दिवाळीच्या मिठाईच्या डब्याचं उदाहरण दिलं आणि सगळे हसले. संजीवनी पुन्हा आली, या वेळी हातात किल्ल्या होत्या. मी रिकाम्या कपांकडे बोट दाखवून म्हणालो, "अजून अर्धा अर्धा."

शेवटी मी हात वर करायला सांगितले. अशा शहरात कोण राहील? नऊ जण होतो, एकही हात वर गेला नाही. मला फार बरं वाटलं. आपला कट्टा म्हणजे सज्जनांचा कट्टा, असंही मनात येऊन गेलं. आठ वाजले होते.

खाली उतरलो तर संजीवनी शटर ओढत होती.

"अगं, तू अजून इथेच? स्पर्धेचं काय झालं?"

"मघाशी फोन आला. बायकांनी नाव मागे घेतलं."

इतकी लाज मला आयुष्यात क्वचितच वाटली असेल. तरी तोंडातून निघालं ते असं, "मग सांगायचंस ना मला."

तिने कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

"दोनदा आले होते, सर. दोन्ही वेळा तुम्ही चहा सांगितलात."