मी उभी राहिले की थरथरते

इकडे बघा, मी गाडी बोलतेय. राखाडी रंग, चार दारं, मागच्या बंपरवर एक जुना ओरखडा. माणसं माझ्यात बसून एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, रडतात, घोरतात, आणि मी आजवर एक शब्द बाहेर सांगितला नाही. पण हल्ली माझ्याबद्दल फार काही बोललं जातंय. तेव्हा माझंही ऐकून घ्या.

जन्म कारखान्यातला. पुढे एक बहीण, मागे एक बहीण, सगळ्या सारख्याच. पहिला मालक दातांचा डॉक्टर. तो प्रत्येक खड्ड्याआधी मला "थोडंसंच दुखेल हं" असं सांगायचा आणि मग चांगलंच दुखायचं. त्याने मला विकलं तेव्हा मला काडीचं दुःख झालं नाही.

दुसरा मालक म्हणजे आत्ताचा. त्याचा फोटो स्टुडिओ आहे. आयुष्यभर लोकांना स्टुलावर बसवून तो एकच वाक्य ओरडत आलाय, "हलू नका!" मला त्याच्यासाठी शोधलं त्याच्या धाकट्या भावाने. धाकटा गाड्या दुरुस्त करतो आणि त्याहून जास्त स्वतःची तारीफ करतो. पण त्या दिवशी त्याने माझी केली. मला चालू केलं, हातातला चहाचा कप माझ्या बॉनेटवर ठेवला आणि म्हणाला, "बघ दादा, चहावर तरंग तरी उठतोय का?"

मालकाने वाकून बघितलं. "हिला म्हणतात उभं राहणं! माझ्या एकाही गिऱ्हाइकाला जमत नाही हे."

तेव्हापासून मी या घरची. मालक, त्याची बायको म्हणजे धाकट्याची वहिनी, आणि मागच्या सीटवर खिडकीशी आई. माझी सर्व्हिसिंग धाकट्याकडे. सगळं कसं सुरळीत चाललं होतं.

मग आईच्या वाढदिवसाला मालकाने सगळ्या घराचा फोटो काढला. फोटो झकास आला. आई हसतेय, वहिनीचे केस जागच्या जागी, खिडकीतून मऊ उजेड. फक्त धाकट्याचे डोळे मिटलेले. मालकाने तो दारभर मोठा करून स्टुडिओच्या काचेत लावला.

"दादा, मी मेल्यासारखा दिसतोय," धाकटा म्हणाला.

"उजेड बघ किती सुंदर पडलाय."

"गिऱ्हाइकं विचारतात, गाड्या झोपेत दुरुस्त करतोस का? काढ तो."

"असा उजेड पुन्हा मिळायचा नाही."

झालं! एवढ्यावरून सख्खे भाऊ बोलेनासे झाले. मालकाने तर शपथच घेतली, "त्याच्या दारात माझी गाडी पुन्हा थांबणार नाही!" आता भांडण यांचं, डोळे त्याचे, उजेड खिडकीचा, आणि शिक्षा कुणाला? मला.

पुढे मी आजारी पडले. धावताना मला काही होत नसे, अगदी लोण्यासारखी जायचे. पण सिग्नलला उभी राहिले की अंगात कापरं भरायचं. भक्, भक्, भक्, एक ठोका पडायचा, एक चुकायचा, मेकॅनिक याला मिसिंग म्हणतात, मागून काळा धूर, आत पेट्रोलचा वास. एवढं पेट्रोल पिऊनही पोटात आग धड पेटायची नाही. शेवटी एक आचका देऊन मी बंद पडायचे. आणि तापलेली असताना बंद पडले की लवकर चालूही व्हायचे नाही. मागचे लोक हॉर्न वाजवून मला काय काय म्हणायचे ते मी इथे सांगणार नाही.

मालकाने निदान सुरू केलं, ते आपल्या पद्धतीने. माझ्या थरथरीचे फोटो काढले! बॉनेटचा, आरशाचा, सायलेन्सरचा. सगळे अर्थातच हललेले. तो ढीग घेऊन तो गावभरच्या मेकॅनिकांकडे गेला. पहिला मेकॅनिक बराच वेळ बघून म्हणाला, "साहेब, कॅमेरा बिघडलाय." मग त्याने माझे प्लग काढले. ते काजळीने काळेकुट्ट. नवे घातले, चार दिवस बरं वाटलं, पुन्हा तेच. दुसऱ्याने कॉइल बदलली. तिसऱ्याने एअर फिल्टर. स्टुडिओशेजारच्या औषधवाल्याने बॉनेटला कान लावला आणि ॲसिडिटी सांगितली. चौथ्या मेकॅनिकने काही न उघडताच मान हलवली, "वय झालं हिचं."

वय! काय पण निदान! बाईमाणसाचं वय चारचौघांत काढायचं असतं का?

निदान होईना तेव्हा घराने वेगळाच मार्ग काढला. उभी राहिली की बंद पडते ना? मग उभी करायचीच नाही! मालक सकाळी मला घरासमोर सावकाश फिरवत ठेवायचा आणि वहिनी धावत येऊन दार उघडून आत उडी मारायची. आधी पर्स, मग वहिनी. दूधवाला पिशवी खिडकीतून फेकायचा, बहुतेक वेळा वहिनीच्या मांडीवर. आईला चढवायला मात्र चढाची गल्ली लागायची. तिथे मी इतकी हळू जायचे की आई काठी टेकत सोबत चालायची आणि हळूच बसायची. एकदा बसली की उतरायला तयार नसायची. "आता रात्रीपर्यंत इथेच," म्हणायची, "माझं विणकाम द्या."

सिग्नल लाल दिसला की मालक डावीकडे वळायचा, पुढचाही लाल असला की पुन्हा डावीकडे. बाजाराला निघालेले आम्ही एकदा दुसऱ्याच गावात पोचलो. तिथेही थांबता येईना, म्हणून परत आलो.

शेवटी वहिनीने हात टेकले. "रविवारी भंगारवाला येतोय. मी सांगून टाकलंय त्याला. एक तर हिला उभं राहायला शिकवा, नाहीतर द्या पाठवून."

भंगार! माझ्या पायाखालची, म्हणजे चाकाखालची जमीन सरकली. भंगारवाल्याच्या अंगणात माझी एक बहीण मी बघितली होती. दारं नव्हती, दिवे नव्हते, आणि आत एक मांजर विसावलं होतं.

मालक माझी काच पुसायला लागला. मग वहिनीच हळूच म्हणाली, "भावजींना दाखवली असती तर..."

"शपथ घेतलीय मी. त्याच्या दारात थांबणार नाही."

"थांबू नका. फिरा. फिरणार नाही असं कुठे म्हणाला होतात?"

धाकट्याचं गॅरेज गोल चौकात आहे. मध्ये कोरडं पडलेलं कारंजं, भोवती रस्ता. शनिवारी दुपारी आम्ही तिथे गेलो आणि फिरायला लागलो. एका फेरीला एक वाक्य. त्याहून जास्त बोलायला वेळच नसायचा.

पहिल्या फेरीला मालक कारंज्याकडे बघून ओरडला, "एकाची गाडी मिसिंग मारतेय!"

दुसऱ्या फेरीला धाकटा, हातातल्या पान्याकडे बघत, "एकाला म्हणावं, धूर कसला?"

"काळा!"

"कधी मारते?"

"उभी राहिली की! धावताना काही नाही!"

"एअर फिल्टर!" धाकटा पुढच्या फेरीला छाती काढून म्हणाला.

"नवाच टाकलाय!" मालकाला त्याही परिस्थितीत आनंद झाला. धाकट्याचं तोंड एवढंसं झालं.

"मला गरगरतंय," मागून आई म्हणाली. "लहानपणीच दोघांना एकदम धोपटायला हवं होतं, वेगवेगळं धोपटलं तिथे चुकलं."

"प्लग?" धाकट्याने पुढच्या फेरीला विचारलं.

"बदलले, नवेही काळे!"

आता धाकट्याने मान वर केली. माझ्याकडे बघितलं, मालकाकडे नाही, माझ्याकडे. त्याच्या डोक्यात काहीतरी आलं होतं, मला दिसत होतं. पण पुढच्या फेरीला तोंडातून निघालं भलतंच, "तो फोटो काढला का काचेतून?"

मालकाने अख्खी एक फेरी गप्प राहून मारली. काढला म्हण रे बाबा, मी मनात म्हटलं, माझा जीव जातोय इथे!

"उजेड चांगला आहे!" मालक ओरडला.

धाकट्याने हातातलं फडकं आपटलं, आत गेला आणि शटर खाडकन खाली ओढलं. वहिनीने कपाळाला हात लावला. मालक मात्र फिरतच राहिला. बंद शटरसमोरून पुन्हा एकदा, आणखी एकदा. त्याला निघून जाववत नव्हतं. मला त्याचा राग आला होता, पण त्या वेळी कीवही आली.

इतक्यात ट्रॅफिक पोलिसाने आडवा हात केला. थांबावंच लागलं. नेमकं शटरसमोर.

"काय हो, मघापासून बघतोय. जायचंय तरी कुठे?"

"इथेच," मालक पुटपुटला.

"मग आलात की!"

भक्, भक्, आणि मी बंद. किल्ली फिरवून फिरवून मालकाचं मनगट दुखलं. वहिनी उतरली आणि शटरवर थाप मारून म्हणाली, "भावजी, उद्या भंगारवाला येतोय."

आतून आवाज, "कुणाला न्यायला?"

"हिला."

शटर असं वर गेलं की चौकातली कबुतरं उडाली. "हिला? ही मी निवडलेली गाडी आहे! कोण हात लावतोय बघू!"

त्याने माझं बॉनेट उघडलं. इतक्या दिवसांनी तो ओळखीचा, ग्रीसचा हात. इंजिनावर एक छोटी डबी असते, पेट्रोलचा दाब राखणारी. तिच्यातून एक बारीक रबरी नळी निघते. ती त्याने ओढून काढली, हुंगली आणि बोटावर झटकली. टप्पकन थेंब पडला.

"या नळीत नुसती हवेची ओढ असते. पेट्रोल इथे काय करतंय? डबीतला रबरी पडदा फाटलाय. उभी असताना इंजिन या नळीतून जोरात ओढून घेतं, तेव्हा फटीतून जादा पेट्रोल पितं आणि प्लग गुदमरतात. धावताना हवा भरपूर, सगळं खपून जातं." मग तो स्वतःवरच खूश झाला. "असं निदान करणारा दुसरा दाखवा मला!"

म्हणजे तो टीचभर पडदा! आणि मला ॲसिडिटी, मला म्हातारपण!

नवी डबी बसली, नवे प्लग बसले. संध्याकाळ झाली होती. धाकट्याने मला चालू केलं. मालक कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "अजून हलतेय असं वाटतंय."

"असं?" धाकटा उसळला. "डिकीतला कॅमेरा आण. हिच्या बॉनेटवर ठेव, इंजिन चालूच राहू दे. उजेड कमी आहे, म्हणजे तुझ्या कॅमेऱ्याचा डोळा बराच वेळ उघडा राहणार. फोटो हलला तर मी चुकलो, बोलाव भंगारवाल्याला. नाही हलला तर काचेत हा फोटो लावायचा. तो जुना खाली."

मालक माझ्याकडे बघत राहिला, मग शटरसमोर उभ्या असलेल्या भावाकडे. "ठीक," म्हणाला.

कॅमेरा बॉनेटवर ठेवला. समोर आई स्टुलावर, बाजूला वहिनी, धाकटा डोळे इतके मोठे करून की बघणाऱ्याला भीती वाटावी. मालकाने बटण दाबलं, पळत जाऊन भावाशेजारी उभा राहिला आणि ओरडला, "हलू नका!"

ते माझ्यासाठी होतं. पोटात आग चालू, पंखा चालू, पाण्याचा पंप चालू, आणि वर तो कॅमेरा. एकेक ठोका मी जपून टाकला. एकही चुकला नाही.

फोटो आला तो लख्ख. आईच्या लोकरीचा धागा दिसतोय, पान्यावरचं ग्रीस दिसतंय. धाकट्याचे डोळे टक्क उघडे. आणि मालकाचे गच्च मिटलेले.

"दादा!" धाकटा पोट धरून हसायला लागला. "अरे, डोळे का मिटलेस?"

"ही हलतेय का नाही, बघवेना मला," मालक म्हणाला.  मग फोटोकडे बघून म्हणाला, "उजेड मात्र सुंदर पडलाय."

आता मी रोज स्टुडिओसमोर उभी असते, अगदी शांत. रविवारी भंगारवाला येऊन चहा पिऊन गेला. धाकटा रोज संध्याकाळी येतो, काचेतला फोटो बघतो आणि भावाला चिडवतो. तुमच्या शेजारी सिग्नलला एखादी थरथरताना दिसली तर तिचं वय काढू नका, एवढंच सांगणं आहे. आधी तिची ती बारीक नळी हुंगायला सांगा.

लोक काचेसमोर थांबतात, नावं घेत एकेकाला ओळखतात. मला कुणी शोधत नाही, आणि शोधलं तरी मी त्या फोटोत नाहीच. पण तो हललेला नाही ना? मी तिथे आहे.