विझणारा पायलट

"आई, पुन्हा गॅसचा कॉक बंद केलात ना?" टॉवेलात गुंडाळलेल्या तान्ह्या जाईला घेऊन सून चैत्राली स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "पाणी गार आहे."

"नाही गं, हातसुद्धा लावला नाही मी."

रोहन बूट घालत होता. मान वर न करता म्हणाला, "जाऊ दे, आई. सवय असते माणसाला."

सवय तर होतीच. नीलिमाताईंनी कराडच्या गॅस एजन्सीत एकतीस वर्षं काउंटर सांभाळला होता. 'रात्री रेग्युलेटर बंद करा' हे त्या झोपेतही म्हणत असतील. सिंगापूरला, लेकाच्या सेरंगूनमधल्या या जुन्या भाड्याच्या घरात आल्यावर पहिल्याच रात्री त्यांनी मागच्या अंगणातला गॅसचा कॉक फिरवला आणि पाणी तापवणाऱ्या हीटरची सतत तेवणारी बारीक ज्योत, तो पायलट, विझला. चूक कळल्यावर त्यांनी कान पकडले, पुन्हा कॉकला शिवल्या नाहीत. तरी पायलट विझतच राहिला आणि बोट त्यांच्याकडेच वळत राहिलं. शेवटी 'घरात लहान मूल आहे' म्हणत रोहनने त्यांचं परतीचं तिकीट दोन महिने अलीकडे आणलं. गंमत अशी, की त्याच लहान मुलाला त्यांच्या हाती सोपवून दोघं रोज ऑफिसला जात होती. नीलिमाताईंनाही वाटू लागलं होतं, होत असेल आपल्याच हातून, वय झालं.

दुपारी चैत्रालीने घरमालकाकडून बोलावलेला मेकॅनिक आला, एक म्हातारा चिनी गृहस्थ. त्याने हीटरचं झाकण काढून पायलटशेजारची, ज्योत टिकवणारी गंजलेली कांडी दाखवली.

"आँटी, ओल्ड हाऊस, व्हेरी ह्यूमिड. धिस वन रस्ट ऑलरेडी, फायर कॅनॉट स्टे. लास्ट मंथ आय टेल युवर सन लाह. ही से वेट."

"माय सन? शुअर?"

त्याने गेल्या भेटीची कामाची चिठ्ठी काढली. खाली रोहनची सही. तारीख तिकीट बदलण्याच्या आठ दिवस आधीची.

जाईला पुढच्या महिन्यापासून इन्फंट केअरमध्ये, तिथल्या पाळणाघरात, जागा मिळाली होती. आता तू जा, हे तोंडाने म्हणायची हिंमत पोराला झाली नव्हती. परक्याने असं केलं असतं तर नीलिमाताई कडाकडा भांडल्या असत्या. पोटच्या पोराने केसाने गळा कापल्यावर भांडायचं कुणाशी? त्यांनी ती चिठ्ठी मागून घेतली.

संध्याकाळी चैत्रालीनेच विचारलं, "काय म्हणाला मेकॅनिक?"

"कांडी गंजली होती. बदलली."

"म्हणजे तुमच्यामुळे नव्हतं? अगंबाई! रोहन, तिकीट पुन्हा बदलू या ना."

नीलिमाताईंनी घडी केलेली चिठ्ठी रोहनपुढे ठेवली. त्याने उघडली आणि लगेच तळव्याखाली झाकली.

"आता सीट मिळणार नाही," तो म्हणाला.

"राहू दे," नीलिमाताई म्हणाल्या.

गुरुवारी सकाळी बॅगा दाराशी लागल्यावर त्या मागच्या अंगणात गेल्या. पायलट निळा, सरळ जळत होता. त्यांनी जाईच्या अंघोळीचा टब भरला आणि कोपर बुडवून पाहिलं. पाणी छान गरम होतं.