गाण्यातले नऊ सेकंद

रेडिओवर जुन्या गाण्यांचा कार्यक्रम करणाऱ्या बाईंना एका गोष्टीनं पछाडलं होतं. चाळीस वर्षांपूर्वीचं ते गाजलेलं रॉक गाणं ऐन रंगात येतं आणि मध्येच थांबतं. गिटार नाही, ड्रम नाही, चक्क नऊ सेकंद काहीच नाही. मग गायक गात नाही, नुसतं बोलतो, "थांब, मी येतोय," आणि सगळी वाद्यं तुटून पडतात.

त्या शांततेवर लोकांनी रकानेच्या रकाने भरले होते. कोणी म्हणे ते गेलेल्या मित्रासाठी पाळलेलं मौन, कोणी म्हणे सरकारचा निषेध. बाईंच्या भावाचं ठाम मत होतं, की टेपच खराब होती.

गायक जाऊन सहा वर्षं झाली होती. पण त्याच्या बँडचा ड्रमर हयात होता आणि सायकली दुरुस्त करत होता, हे कळल्यावर बाई थेट त्याच्या दुकानात जाऊन थडकल्या. म्हातारा चाकाचे आरे ताणत बसला होता.

"काका, त्या नऊ सेकंदांत नेमकं काय झालं होतं?"

त्यांनी चाक गरकन फिरवून ते डुगडुगतंय का पाहिलं. "शब्द अडकला होता त्याचा. तोतरा होता तो."

"पण गाताना तर..."

"गाताना जीभ लोण्यासारखी. बोलायला लागला की संपलं. त्यात 'थ' म्हणजे हाडवैरी."

"मग ती ओळ गायची ना."

"चालच बसेना. शेवटी तोच म्हणाला, बोलतो. सरावात तीनदा नीट बोलला, रेकॉर्डिंगला अडकला. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट खूण करतोय, बंद करू का? मी काठी वर धरली, थांब म्हणून. त्याच्या मानेची शीर तट्ट फुगलेली. आणि मग आला शब्द."

"पुन्हा का नाही केलं?"

"तो म्हणत होता करू. पण ऐकून पाहिलं, आणि ते पुसायला कुणाचाच हात पुढे होईना. आम्ही ते तसंच ठेवलं म्हणून महिनाभर माझ्याशी बोलला नाही. म्हणजे, एरवीही फार बोलायचा नाही."

बाईंना हसू आलं आणि मग ओशाळल्यासारखं झालं. काका मात्र स्वतःच हसत होते.

"मग पहिला मोठा कार्यक्रम झाला. ती जागा आली, तो अडकला, आणि हजारो माणसं चिडीचूप. सगळ्यांना वाटलं गाणं असंच आहे. घरी, शाळेत, जो तो त्याचं वाक्य पुरं करून टाकायचा. मीसुद्धा. तिथं कुणी केलं नाही. खाली उतरला आणि स्वतः जाऊन कॉफी मागितली. त्याआधी पंधरा वर्षं ते काम माझं होतं."

बाईंनी हळूच विचारलं, "हे रेडिओवर सांगितलं तर चालेल?"

"सांग की. कुणी विचारलं तर सांग, असं तोच म्हणून गेलाय. पण विचारतंय कोण? सगळे आपापलं उत्तर घेऊनच यायचे."

कार्यक्रम झाला. दुसऱ्या दिवशी भावाचा फोन आला. सगळं ऐकलं होतं, आवडलंही होतं. "पण टेपसुद्धा थोडी खराब असणारच," तो म्हणाला.