मागच्या काचेची पट्टी

बोलिंग ग्रीनच्या मैदानात, जुन्या गाड्यांच्या स्पर्धेसाठी, सन त्रेसष्टपासून सदुसष्टपर्यंतच्या कॉर्व्हेट गाड्या ओळीने उभ्या होत्या. त्रेसष्टची मागची काच मधल्या पट्टीने दुभंगलेली. चौसष्टला ती पट्टी गेली, बॉनेटवरच्या खोट्या जाळ्या गेल्या, पासष्टला डिस्क ब्रेक आले. दरवर्षी नखरे कमी आणि इंजिन आणखी माजलेलं. नवं मॉडेल दिसताच कित्येक दीडशहाण्यांनी आपल्या त्रेसष्टची पट्टी कापून एकसंध काच बसवून घेतली. आज त्याच पट्टीसाठी लोक जीव टाकतात.

माझ्या नवऱ्याने, रॉइसनेही कापली होती. फॅशनवेडा म्हणून मी त्याला आयुष्यभर टोमणे मारले. पुढे भंगारातून तशीच पट्टी आणून त्याने ती परत जोडली. आता हे सगळं तो विसरला होता. आपल्या आर्डिथला, म्हणजे मलाही विसरला होता, नर्स समजायचा. एकच गोष्ट त्याने धरून ठेवली होती: "माझ्या गाडीला कधी करवत लागलेली नाही." एकदा मुलाने खरं सांगितलं, तर जेवण सोडून बसला.

स्पर्धेचा परीक्षक ट्रुइट आमच्या गाडीत वाकला आणि अस्तराखाली बोटं घालून पट्टी चाचपू लागला.  बोटं वरच्या टोकाशी थांबली.

"आजोबा, इथे जरा..." तो रॉइसकडे वळला.

मी त्याचा दंड धरला. "हवे तेवढे गुण काप, पण तोंड उघडू नकोस."

"अहो, मालकाला सांगावंच लागतं. नियम आहे."

"नियम घाल चुलीत!"

"काय कुजबुजताय?" चाकांच्या खुर्चीतून रॉइस ओरडला. "सांधा लागला ना हाताला?"

ट्रुइटने माझ्याकडे पाहिलं. 

"हो, आजोबा."

"लागणारच. मीच कापलीय ती." रॉइस हसला, जणू कधी नाकारलंच नव्हतं. "नव्या मॉडेलची हौस, असं सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे आमची आर्डिथ गाडी मागे घेताना हटकून दारातल्या टपालपेटीला ठोकायची. त्या पट्टीमुळे मागचं दिसायचंच नाही तिला. पण तसं म्हटलं असतं, तर पुन्हा चावीला हात लावला नसता तिने. भारी मानी बाई!"

 मी गाडीला टेकले.

रॉइसने माझी बाही ओढली. "बाई, आर्डिथ भेटली तर हे बोलू नका हं. रागावेल."

"नाही बोलणार," मी म्हणाले.