मंगळवारचं दूध

दाखला घेऊन इन्स्पेक्टर स्वतः दारात उभा राहिला, तेव्हा वसुमतीच्या हातात दोशाचं उलथनं होतं.

“तुम्ही कशाला आलात, सार? मी स्टेशनवर आले असते,” ती म्हणाली.

“तुमची प्रवासाची तयारी चाललेली असणार. म्हटलं, वक्कीलम्माला हेलपाटा नको.” बूट काढून तो आत आला आणि अप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसला.

चारित्र्याच्या दाखल्यासाठी तिने आदल्याच दिवशी दुपारी अर्ज केला होता. याच माणसाने गेल्या वर्षी एका फिर्यादीची नक्कल द्यायला तिला अख्खा पावसाळा फिरवलं होतं. आज तो दाखला प्लास्टिकच्या पाकिटात घालून घेऊन आला होता आणि अप्पांनी दिलेली कॉफी खालीवर ओतून निवांत गार करत होता.

“लुंगचे,” तो म्हणाला. “मोबाइलवर शोधलं मी. पार वर, हिमालयात. हिवाळ्यात रस्ताच बंद असतो म्हणे.”

“असं ऐकलंय.”

“चांगलं आहे. तिकडे वाळूच्या लॉऱ्या नाहीत.” तो हसला. तो हसला म्हणून अप्पाही हसले.

निघताना त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. “गुरुवारी दिल्लीत मुलाखत. म्हणजे मंगळवारी सकाळची गाडी. जपून जा, मॅडम.”

तो गेल्यावर अप्पा म्हणाले, “किती मर्यादेचा मनुष्य!” तव्यावरचा दोसा तोवर करपला होता.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या त्या गल्लीत त्यांच्या घराला अजून ‘रायर वीडू’ म्हणत, म्हणजे रावांचं घर. राव म्हणजे अप्पा, श्रीनिवासराव, एका भातगिरणीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरात दोघंच. वसुमती भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मग वकिलीकडे वळली होती आणि रोज बसने, कधी मोपेडने, पापनाशमच्या कोर्टात जायची. पोटगी, भाडेकरू, पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारामाऱ्या. त्यात नाव होण्यासारखं काही नव्हतं आणि तिला ते नकोही होतं.

मग धनलक्ष्मी आली होती. तिचा नवरा वेंकटेश गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप चालवायचा. नदीतली वाळू उपसून उपसून विहिरीचं पाणी खाली गेलं, पंप कोरडा ओढायला लागला, तेव्हा तो वाळू नेणाऱ्या टिप्परच्या वाटेत उभा राहायला लागला. एके दुपारी एक टिप्पर त्याच्या अंगावरून मागे गेला आणि पुन्हा पुढे आला. पोलिसांनी अपघात लिहिला. जेवणाचा डबा घेऊन बांधावरून येणाऱ्या धनलक्ष्मीने तो टिप्पर मागे जाताना पाहिला होता आणि पुढे येतानाही. डबा तिच्या हातातून तिथेच पडला.

दोन वकिलांनी ‘बघू’ म्हणून सांगितलं. वसुमतीने ‘हो’ म्हटलं. केस सरकारी वकील चालवत होते. धनलक्ष्मीच्या वतीने ती त्यांच्या शेजारी बसायची. आधीचे दोन साक्षीदार कोर्टात येऊन आपल्याला काही दिसलं नाही असं सांगून गेले होते. आता फक्त धनलक्ष्मीची साक्ष उरली होती. ती याच मंगळवारी होती.

लुंगचेचा अर्ज तिने ज्या दिवशी भरला, त्या दुपारी ती कालव्याच्या बांधावरून मोपेडने येत होती. मागे एक रिकामा टिप्पर लागला. त्याने हॉर्न वाजवला नाही, अंतरही कमी केलं नाही. ती हळू झाली की तो हळू व्हायचा. ती थांबली तेव्हा तोही थांबला, इंजिन चालू ठेवून. दोन्ही बाजूंना भाताची कोवळी रोपं होती आणि माणूस एकही नव्हता. डांबरी रस्ता लागल्यावर तो वळून निघून गेला. तक्रारीत लिहिता येईल असं काहीच घडलं नव्हतं.

घरी येऊन तिने हात धुतले. मग ती लॅपटॉपसमोर बसली. लुंगचेला सरकारी वकिलाची जागा होती. दोनदा जाहिरात देऊनही तिथे कोणी गेलं नव्हतं. राहायला क्वार्टर, शेगडीला लाकूड, महिन्याच्या महिन्याला पगार. तिच्या वयाची मर्यादा त्याच वर्षी संपत होती. अप्पांशिवाय तिने कोणाला सांगितलं नाही.

“जा तू,” अप्पा म्हणाले होते. “मी राहतों की. धाकटी वर्षा तिरुच्चीहून येऊन पाहून जाईल. तिकडे तुला कोणी ओळखत नाही, तेच बरं.”

इन्स्पेक्टर येऊन गेला त्याच दुपारी बाररूममध्ये मुरलीसरांनी तिला हाक मारली. टिप्परच्या मालकाचं वकीलपत्र त्यांच्याकडे होतं.

“काय गं वसुमती, हिमालयात चाललीस आणि आम्हाला साधा मैसूरपाकसुद्धा नाही?”

“तुम्हाला कोणी सांगितलं, सर?”

“अगं, इथे कोणाच्या सांबारात मीठ जास्त पडलं तरी बाररूमला कळतं. दोन ज्येष्ठ वकिलांची शिफारस लागते ना? एक मी देतो. दुसरी मिळवूनही देतो. बैस.”

तिने मागितलं नव्हतं. ते लगेच लिहायला लागले.

“‘निर्भय’ असं घालतो,” ते कागदावरून मान न उचलता म्हणाले. “तिकडे अस्वलं असतात.”

“मंगळवारी धनलक्ष्मीची साक्ष आहे. मी पुढची तारीख मागणार आहे, सर.”

“कशाला? सरकारी वकील आहेत की. एका दिवसात त्यांना किती केसेस बघायच्या असतात, पण आहेत ना. होऊन जाऊ दे.” त्यांनी पेनचं टोपण लावलं. “मी त्या बाईला त्रास देणार नाही. पाच मिनिटांचं काम आहे.”

कागदावरची शाई वाळेपर्यंत त्यांनी तो स्वतःच्या हातात धरून ठेवला.

शनिवारी कुरिअर आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त उटीचा शिक्का. आत तपकिरी रंगाचा लोकरीचा कोट होता, आतून मऊ अस्तर लावलेला. अप्पांना वाटलं, बेंगळुरूच्या सुरेंद्राने पाठवला असणार. त्यांनी पुतण्याला फोन लावला. सुरेंद्राला तर वसुमती कुठे जाते आहे हेच माहीत नव्हतं. तो रागावला, मग आनंदला, मग त्याने फोन ठेवला.

“घालून तर पाहा की,” अप्पा म्हणाले.

“नोको, अप्पा.”

मग त्यांनीच तो घातला आणि पंख्याखाली उभे राहिले. घाम त्यांच्या कानामागून वाहायला लागला. “तंजावूरमध्ये मी पहिला असेन,” ते म्हणाले. बाह्या त्यांना आखूड झाल्या, खांदे आवळले. मग वसुमतीने तो हातात घेऊन स्वतःच्या खांद्याला लावून पाहिला. तो बरोबर तिच्या मापाचा होता.

तिने तो दाराजवळच्या खुंटीवर, आपल्या कोर्टाच्या काळ्या कोटावर टांगला. पंख्याच्या वाऱ्याने त्याच्या बाह्या हलत राहिल्या.

शाळेत असताना शिकलेली एक साधी गोष्ट तिला पुनःपुन्हा आठवत होती. आपण जोर न लावता एखादी वस्तू वेग घेत असेल, तर जोर दुसऱ्या कोणाचा तरी असतो. तिने दाखला, शिफारसपत्रं, गाडीचं तिकीट एका फाइलमध्ये ठेवलं. धनलक्ष्मीला फोन करायचा म्हणून दोनदा मोबाइल उचलला. काय सांगायचं ते न सुचल्याने खाली ठेवला. सोमवारी तिने पुढची तारीख मागणारा अर्ज एका ज्युनिअर वकिलाकडे दिला. त्याने तो घेतला आणि विचारलं, “मुरलीसर हरकत घेतील, मॅडम. मग काय करू?”

मंगळवारी उजाडताना अप्पांनी नेहमीप्रमाणे कॅलेंडरचं कालचं पान फाडलं आणि नवं मोठ्याने वाचलं. राहुकाळ, यमगंड, मग शूल. “शूल उत्तर. परिहार दूध.” ते वळले. “वसू, आज उत्तरेला जायचं नव्हे. जायचंच असेल तर जाते वेळी दूध पिऊन निघ. इतकंच. दूधवाला येतो की आतां.”

कोलमची रांगोळी काढायला पिठाची वाटी घेऊन तिने दार उघडलं. उंबऱ्याच्या बाहेर, रोज ती पहिला ठिपका ठेवायची तिथे, दुधाची पिशवी होती. त्यांच्याकडे पिशवीचं दूध कधी यायचं नाही. पिशवी गार होती, बाहेरून पाण्याचे थेंब धरलेले. म्हणजे आत्ताच कोणीतरी ठेवून गेलं होतं.

तिने गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं. गल्ली अरुंद होती, मोठी गाडी आत येत नसे. मोठ्या रस्त्यावर, तोंडाशी, एक टिप्पर उभा होता. धुऊन स्वच्छ केलेला, हौदा रिकामा. इंजिन चालू होतं.

अप्पा तिच्या मागे आले. त्यांनी पिशवी पाहिली, मग टिप्पर पाहिला. सुरेंद्राने पाठवलं असेल, असं या वेळी ते म्हणाले नाहीत.

“शूल त्यांनीही वाचला,” ते हळू म्हणाले. त्यांचा हात चौकटीवर होता. “जा, वसू. गाडी चुकवू नोको.”

ती आत जाऊन बॅग आणणार, तेवढ्यात टिप्परच्या बाजूने कोणीतरी गल्लीत वळलं. झपझप चालणारी एक बाई, अंगावर धुतलेली कडक सुती साडी, हातात कडीचा स्टीलचा डबा. धनलक्ष्मी होती.

“सापडलं बाई घर!” ती दारातूनच म्हणाली. “रायर वीडू विचारलं तर एक म्हातारा मला राजवाड्याचं तिकीट काढायला सांगत होता.”

“तू इथे कशी? आज तुझी…”

“हो तर. इथूनच परत जाते. पहिल्या बसने आले, दुसरीने जाईन. कोर्ट उघडायच्या आधी पोचते.” तिने डबा पुढे केला. “हे प्या आधी. मंगळवार आहे, उत्तरेला चाललात. रिकाम्या तोंडाने जाऊ नका.”

वसुमतीने डबा घेतला नाही. “तुला कोणी सांगितलं?”

“टिप्परमालकाचा मॅनेजर आला होता काल. लाडू घेऊन. म्हणाला, तुझी वक्कीलम्मा मंगळवारच्या गाडीने उत्तरेला निघाली, आता तुझ्या शेजारी कोण बसणार?” तिने पदराने कपाळ टिपलं. “लाडू बरे होते. तूप चांगलं होतं. गाईला घातले.”

अप्पा हसले.

“मी तुला सांगणार होते,” वसुमती म्हणाली.

“सरकारी नोकरी सोडायची नसते, अम्मा. माझ्या बहिणीचा मुलगा किती वर्षं परीक्षा देतोय. तुम्ही जा. मी बोलेन तिथे.”

“काय बोलशील?”

“पाहिलं ते.”

“मुरलीसर विचारतील, उन्हात डोळे दिपले असतील. विचारतील, एवढ्या लांबून कसं दिसलं. तेच तेच दहा प्रकारे विचारतील.”

“मग दहा वेळा तेच सांगेन.” तिने डब्याची कडी नीट केली. “फक्त, त्या कठड्यात उभं राहिलं की कोणाकडे बघायचं ते कळत नाही. मागच्या खेपेला तारीख पडली, तेव्हा मी तुमच्याकडे बघत उभी होते. तेवढंच. सवय होईल.” मग एकदम गडबडीने म्हणाली, “घ्या ना. आज पाणी घातलेलं नाही. दूध सोसायटीला देताना घालते तेवढंसुद्धा नाही.”

वसुमतीने डबा घेतला. त्याला एका बाजूला पोचा होता. झाकण काढलं, दूध अजून कोमट होतं, त्याला चुलीच्या धुराचा वास होता. उंबऱ्यात उभी राहून ती ते सगळं प्याली. धनलक्ष्मी मान वर करून, तिचा घोट न् घोट मोजावा तशी पाहत होती. संपल्यावर तिने डबा परत घेतला, उपडा करून उरलेला थेंब झटकला आणि झाकण लावलं.

“बरं, येते मी,” ती म्हणाली.

“थांब.”

वसुमती आत गेली. दाराजवळच्या खुंटीवरून तिने लोकरीचा कोट उचलला, त्याखालचा काळा कोट काढून हातावर घेतला, आणि लोकरीचा पुन्हा होता तसा टांगला. दाखल्यांची फाइल टेबलावर होती, तिला तिने हात लावला नाही. शेजारची केसची फाइल घेतली.

अप्पा तिच्याकडे पाहत होते. त्यांच्या हातात तिची बॅग होती. त्यांनी ती भिंतीशी टेकवून ठेवली, नीट, पडू नये अशी. मग चष्मा वर सरकवून कॅलेंडरकडे वळले, जणू काही वाचायचं राहून गेलं होतं.

“पापनाशम इथून कोठे?” ते स्वतःशीच म्हणाले. “ईशान्येला. म्हणजे अर्धी उत्तरच की.” ते तिच्याकडे वळले. “दूध प्यालीस ते बरं केलंस.”

बाहेर पडताना दोघी दुधाच्या पिशवीला ओलांडून गेल्या. आज कोलम काढायचं राहिलं होतं. पिठाची वाटी तशीच उंबऱ्यावर होती. बस स्टँडकडे जायला मोठ्या रस्त्यावरून, टिप्परच्या कडेनेच जावं लागणार होतं. तिथे भिंत आणि चाकं यांच्यात जेमतेम दोन माणसं जातील एवढी जागा होती.

ड्रायव्हरने काच खाली केली. त्याने गिअर टाकला तसा टिप्पर जागच्या जागी एकदा हादरला आणि मागचे लाल दिवे लागले.

वसुमती चाकांच्या बाजूला होती. धनलक्ष्मीने तिला दंडाला धरून भिंतीकडे सरकवलं, रिकामा डबा डाव्या हातातून उजव्या हातात घेतला आणि स्वतः चाकांच्या बाजूने चालायला लागली.